उन्हाळी धानाचा तांदूळ तुकडा का होतो? दोष मेच्या उन्हाचा की जानेवारीच्या थंडीचा?

बांधीवाला (तालुका लाखनी, जिल्हा भंडारा)

राम राम मंडळी. भात खाणारे इथे सगळेच आहेत, पिकवणारेही दहा-बारा असतील. त्यांच्यासाठी हा धागा.

आमची अडीच एकर बांधी आहे, कालव्याच्या अगदी शेपटाला. पाणी मिळालं त्या वर्षी उन्हाळी धान घेतो. यंदा एमटीयू १०१० हा वाण होता. पऱ्हे टाकले २० डिसेंबरला. जानेवारीत अशी थंडी पडली की सकाळी शेकोटीपासून उठवत नव्हतं. पऱ्हे पिवळे पडले आणि जागच्या जागी थिजले. रोवणीजोगे व्हायला दीड महिना लागला, ५ फेब्रुवारीला रोवणी झाली. धान निसवला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कापणी मेच्या मध्याला. उतारा वाईट नाही, एकरी १८ क्विंटल. दाणा हातावर घेतला तर टच्च भरलेला.

घरी खायला दोन पोती गिरणीत नेली आणि तोंड उतरलं. क्विंटलमागे अख्खा तांदूळ ३८ किलो आणि कणी २६ किलो! याच गिरणीत आमच्या पावसाळी धानाचा अख्खा ५२-५३ निघतो. शेजारच्या काकांचं बियाणं हेच, दुकानही तेच, पण त्यांनी पऱ्हे २७ नोव्हेंबरला टाकले होते. त्यांचा अख्खा ४७.

गिरणीवाला म्हणतो, "भाऊ, तुझ्या धानाले थंडी लागली." मी म्हटलं, थंडी लागली ती पऱ्ह्याले, तवा दाण्याचा पत्ता तरी होता काय? तीन महिन्यांनी येणाऱ्या दाण्याले जानेवारीची थंडी काहून लागंन? तो नुसता हसला. आता तुम्ही सांगा.

लिंबूटिंबू (पुणे)

प्रश्न छान आहे, पण आधी भाषांतर हवं. पऱ्हे म्हणजे रोपं, रोवणी म्हणजे लावणी, एवढं अंदाजानं कळलं. निसवणं म्हणजे काय?

आणि २६ किलो कणी आमच्याकडे पाठवा. उकड, खिचडी, घावनांचं पीठ, सगळ्याला कणीच लागते. इथे दुकानात चक्क वेगळा भाव देऊन घेतो.

बांधीवाला

निसवणं म्हणजे लोंबी पानाच्या पोंग्यातून बाहेर पडणं. त्याआधी धान पोटरीवर असतो, म्हणजे गाभण. बाकी बरोबर ओळखलं, ताई.

कणी पाठवतो, भाडं तुमचं.

वायंगणकार (कुडाळ)

आमच्याकडे पऱ्ह्यांना तरवा म्हणतात आणि उन्हाळी भाताला वायंगण. गोव्यातही वांयगणच. गंमत म्हणजे तुमची ही तक्रार माझ्या कानावर कधी आलेली नाही. एक तर आम्ही पेर नोव्हेंबरातच उरकतो, लावणी डिसेंबरात. दुसरं, समुद्र जवळ असल्यामुळे जानेवारीची पहाटसुद्धा गोंदिया-भंडाऱ्यासारखी हाडं गोठवत नाही. फेब्रुवारीत भात पसवतं, मार्चअखेर-एप्रिलात कापून मोकळे. आंबा पिकायच्या आत वायंगण घरात, असा हिशोब.

आणि तिसरं, जे कोणी उघड बोलत नाही. आम्ही घरचं बरंचसं भात उकडून कांडतो. उकड्या तांदळाची कणी होतेच किती? त्यामुळे भाताला काही दुखणं असलं तरी ते पेजेत दिसत नाही, मेल्या!

जुनाजाणता (नागपूर)

कृषी विस्ताराच्या कामात तीस वर्षं गेली, त्यातली चौदा धानपट्ट्यात. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

गिरणीवाला बरोबर बोलला, पण अर्धंच. थंडी पऱ्ह्यालाच लागली. दाण्याला जे लागलं ते ऊन. पण ते ऊन त्याच्या नशिबी आलं ते थंडीमुळे.

धानाची वाढ दिवसांवर चालत नाही, उबेवर चालते. ढोबळ हिशोब असा करतात: दिवसाचं सरासरी तापमान घ्या आणि त्यातून १० वजा करा, कारण १० अंशांच्या खाली धान जवळजवळ झोपलेलं असतं. उरेल ती त्या दिवसाची कमाई. नोव्हेंबरअखेर कमाल ३०, किमान १६ धरा. सरासरी २३, कमाई १३. जानेवारीच्या थंडीत कमाल २७, किमान ९ धरा. सरासरी १८, कमाई फक्त ८. पऱ्हे रोवणीजोगे व्हायला समजा ३०० लागतात. पहिल्या हिशोबाने २३ दिवस, दुसऱ्याने ३७. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कागदाला चिकटून बसू नका. पण तुमचे पंधरा दिवस गेले कुठे, ते यात दिसेल.

शोइची योशिदा यांनी फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना १९८१ साली धानाच्या प्रत्येक अवस्थेच्या तापमानाचा तक्ता दिला. आमच्या पिढीला तो पाठ असायचा. उगवणीला किमान १० अंश, रोप तग धरायला १२-१३, मुळं फुटायला १६, फुलोऱ्याला २२. आणि दाणा भरायला सगळ्यांत चांगलं तापमान कोणतं? २० ते २५. आता सांगा, भंडाऱ्यात एप्रिल-मेमध्ये २५ सरासरी कोणी पाहिली आहे? रात्रीचंच तेवढं असतं.

म्हणजे उन्हाळी धानाचा दाणा भट्टीतच भरतो, लवकरचा असो की उशिराचा. फरक भट्टीच्या आचेचा. काकांचा धान मार्चअखेरीस निसवला असेल. दाणा भरायचे पहिले वीस दिवस फार नाजूक असतात. काकांचे ते वीस दिवस एप्रिलच्या मध्याच्या सुमारास संपले, तुमचे तेव्हा नुकते सुरू झाले.

लिंबूटिंबू

पण उन्हानं दाणा मोडतो कसा? वाळून कडक व्हायला हवा ना उलट?

जुनाजाणता

दाण्यात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. ते निवांतपणे भरले तर एकमेकांना घट्ट बसतात, दगडी भिंतीसारखे. असा दाणा काचेसारखा दिसतो, उजेड आरपार जातो. उष्णता जास्त झाली की दाणा घाईत भरतो, आणि रात्रही गरम असेल तर आणखीच. मग कण गोलसर, सैल राहतात आणि मधल्या पोकळीत हवा बसते. तिथे दाणा खडूसारखा पांढरा दिसतो. आपल्याकडे त्याला पांढऱ्या पोटाचा दाणा म्हणतात. गिरणीच्या दाबाखाली तो तिथेच मोडतो.

राईसमिल_गोंदिया

तीस वर्षांचा मान ठेवून सांगतो, काका, तुम्ही शेतातून बघता, आम्ही हॉपरमधून. आमच्याकडे उन्हाळी धान आला की पहिले दहा दाणे हातानं सोलतो आणि टॉर्चवर धरतो. पांढरं पोट वेगळं आणि तडा वेगळा. तडा म्हणजे काचेवर गेलेली आडवी रेघ. दाणा पारदर्शक असतो, सुंदर असतो, पण मधे रेघ. पॉलिशरमध्ये गेला की दोन तुकडे. माझ्या अनुभवात उन्हाळी धानाची अर्धी कणी या तड्यांची असते, आणि ते थंडीचं पाप नाही, कापणीचं आहे.

होतं असं. मेमध्ये धान उभ्यानेच वाळतो, ओलावा १५ टक्क्यांच्या खाली जातो. मग पहाटेचं दव किंवा एखादी वळवाची सर. कोरडा दाणा बाहेरून पाणी ओढतो, बाहेरचा भाग फुगतो, आतला तसाच राहतो. तडा गेलाच. कापायला हवं २०-२२ टक्के ओलाव्यावर, पण शेतकरी म्हणतो, ओला नेला तर सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत. ते पण खरं. शिवाय हार्वेस्टर गावात एकच, नंबर लागेल तेव्हा कापणी.

आमचं गणित ऐका. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलला ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो आणि अरव्यात, म्हणजे न उकडलेल्या तांदळात, तुकडा २५ टक्क्यांपर्यंत चालत आला आहे. धान असा आला तर ते कुठून जमायचं? तेलंगणात रब्बीचा धान मुख्यतः उसना करून का देत होते, ते यातच आलं. त्यावरून २०२१-२२ मध्ये राज्य आणि केंद्रात किती तणातणी झाली, पेपरात वाचलं असेल.

वायंगणकार

उसना म्हणजे आमचा उकडा?

राईसमिल_गोंदिया

तोच. भिजवून वाफवला की पिष्ट शिजून चिकटतं, तडे बुजतात, पांढरं पोटसुद्धा जातं. तुमच्या आज्या ते फार आधीपासून करत होत्या, आम्ही त्यालाच बॉयलर लावला.

आडवाटेचा (आजरा)

मला जरा वेगळं विचारायचं आहे. आमच्याकडे घनसाळ तांदळाला वास येतो तो थंडीमुळे, असं सगळे म्हणतात. बासमतीचंही तेच ऐकलं आहे. मग थंडी तांदळाला चांगली की वाईट?

जुनाजाणता

कधीची थंडी, हा सगळा प्रश्न आहे. तुमचं घनसाळ खरिपातलं. त्याला थंड रात्री मिळतात त्या दाणा भरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा दाणा सावकाश भरतो, सुवास टिकतो. बांधीवाल्याला थंडी मिळाली पाळण्यात आणि म्हातारपणी मिळाली भट्टी. तुमच्या धानाचं आयुष्य बरोबर उलटं.

आणि तिसरी थंडी आहे, पोटरीतली. ती सगळ्यांत घातकी. निसवण्याच्या साधारण दहा-बारा दिवस आधी पराग तयार होत असतात. तेव्हा कडक थंडी लागली तर परागच वांझ होतात. लोंबी ताठ उभी, दिसायला छान, आत नुसती फोलपटं. म्हणून "मग ऑक्टोबरातच पऱ्हे टाकतो" अशी घाई करू नका. फार लवकर टाकलेलं धान थंडी सरायच्या आत पोटरीवर येतं.

मोकळाढाकळा (ठाणे)

एवढं करण्यापेक्षा उन्हाळ्यात धान लावूच नका की. पाणी किती पितं ते! हरभरा लावा, मूग लावा.

बांधीवाला

दादा, आमच्या बांधीत डिसेंबरपर्यंत पाय रुततो. हरभरा कुजला दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी निघाला तो रानडुकरांनी खाल्ला. विषय चांगला आहे, वेगळा धागा काढा, मी येतो तिथे भांडायला.

हिमशिखा (सप्पोरो)

कामानिमित्त नऊ वर्षं होक्काइदोत आहे. शेतकरी नाही, पण इथे तांदूळ आणि थंडी या विषयावर कोणीही टॅक्सीवाला तासभर बोलतो, त्यामुळे थोडं कानावर आहे.

जुनाजाणता काकांची तिसरी थंडी म्हणजे इथली १९९३. त्या वर्षी जपानात उन्हाळा उगवलाच नाही. ईशान्येकडून समुद्रावरचा गार वारा येतो, त्याला यामासे म्हणतात. पोटरीत फोलपटं झाली. देशाचं पीक नेहमीच्या तुलनेत शंभरातलं ७४ भरलं आणि जपानला थायलंडहून तांदूळ आणावा लागला. लोकांनी तो नाकं मुरडत खाल्ला, त्याच्या गोष्टी अजून सांगतात. अशा वेळी इथे शेतात पाणी वीतभर खोल भरतात. हवा गार असली तरी पाणी त्या मानाने उबदार असतं आणि पोटरी त्यात बुडलेली राहते.

पण मला सांगायची आहे ती पाळण्यातली थंडी. होक्काइदोचं दक्षिण टोक सोडलं तर इथे भात होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. १८७३ साली सप्पोरोजवळच्या शिमामात्सु गावात नाकायामा क्यूझो नावाच्या माणसाने ते करून दाखवलं. नदीचं बर्फाळ पाणी तो थेट वाफ्यात सोडत नसे. आधी ते वळणावळणाच्या चरांतून फिरवून उन्हात तापवायचा. आणि असं सांगतात, की रोपांच्या वाफ्यात तो न्हाणीतलं ऊन पाणी रात्रंदिवस नेऊन ओतायचा. आज ती जागा जपून ठेवली आहे.

आता रोपं प्लास्टिकच्या बोगद्यात ट्रेमध्ये वाढवतात. मोड आणायला ३०-३२ अंशांच्या कपाटात ठेवतात, दोन दिवसांत कोंब. बाहेर बर्फ वितळत असतो तेव्हा.

बांधीवाला

न्हाणीचं पाणी! हे आमच्या म्हातारीले सांगितलं तर म्हणेल, आधी तू रोज आंघोळ कर, मग पाणी उरंल.

हिमशिखाताई, एक विचारू काय? तिकडे थंडीनं तांदळाची चव बिघडते म्हणतात, ते खरं का?

हिमशिखा

खरं होतं. होक्काइदोच्या तांदळाला पूर्वी "याक्काइदो-माइ" म्हणायचे. याक्काइ म्हणजे कटकट, होक्काइदोवरची कोटी आहे. दाणा भरताना थंडी असली की जपानी वाणांत अमायलोज (पिष्टाचा एक घटक) वाढतं. ते वाढलं की भात मोकळा आणि टणक होतो. आपल्याला मोकळा भात आवडतो, इथे तो नापास! १९८८ मध्ये किरारा ३९७ हा वाण आला आणि हळूहळू नाव पालटलं.

पण मला चकित करणारी गोष्ट वेगळीच. माझ्या घरमालकांचे भाऊ शेती करतात. ते म्हणतात की वसंतात रोप थंडीने अडलं तर त्या वर्षीचा भात कडक होणार हे आम्हाला जूनमध्येच कळतं. कारण प्रथिनं. सुरुवातीला रोप थिजलेलं, फुटवे कमी, जमिनीतलं नत्र तसंच पडून. पुढे जमीन तापली की ते नत्र उशिरा, एकदम उचललं जातं आणि दाण्यात जातं. प्रथिनं वाढली की भात शिजताना पाणी कमी पितो, मऊपणा जातो. म्हणजे थंडी दाण्याला न शिवतासुद्धा त्याची चव बदलते.

जुनाजाणता

वा! हे मी सांगणारच होतो, तुम्ही चांगलं सांगितलंत. आता बांधीवाला, खरं सांगा. पऱ्हे पिवळे पडल्यावर युरिया मारला का?

बांधीवाला

मारला. दोनदा.

जुनाजाणता

वाटलंच. धानपट्ट्यात दर जानेवारीला हेच चालतं. पिवळं दिसलं की युरिया. अहो, ते उपाशी नाही, गारठलेलं आहे. मुळंच चालत नाहीत तर खाणार कशानं? गार, चिंब मातीत जस्तही रोपाला नीट मिळत नाही, त्याचा पिवळेपणा वेगळा, पानाच्या बुडाशी आणि शिरेजवळ. रोवणीनंतर फेब्रुवारीअखेर जमीन तापली असेल आणि तुमच्या धानाने एकदम अंग धरलं असेल. काळंभोर, आणि फुटवे मागाहून फुटलेले. बरोबर?

बांधीवाला

बरोबर. लोक बांधावर थांबून बघत होते.

जुनाजाणता

आणि कापणीच्या वेळी निम्म्या लोंब्या सोनेरी, काही हिरवट?

बांधीवाला

तुम्ही काय माझ्या बांधीत उभे होते काय, जी?

जुनाजाणता

चौदा वर्षं अशाच बांध्यांत उभा होतो. मागाहून आलेल्या फुटव्यांचे दाणे कापणीला हिरवे आणि कच्चे असतात. ते पिकायची वाट बघावी तर पहिल्या लोंब्या वाळून तडकतात. मिलवाले साहेब म्हणतात तो तडा खरा आहे. पण कापणी लांबली का? धान एकसारखा पिकला नाही म्हणून. आणि एकसारखा का पिकला नाही, ते आत्ताच बोललो.

राईसमिल_गोंदिया

काका, तुम्ही फिरवून फिरवून सगळं थंडीच्याच अंगावर आणता. मग माझ्याकडे नोव्हेंबरात पऱ्हे टाकलेलं, सपाट पिकलेलं धानसुद्धा मेमध्ये तडकलेलं येतं, त्याचं काय? ते हार्वेस्टरसाठी बारा दिवस उभं राहिलेलं असतं.

भांडण मिटवायला सोपी परीक्षा आहे. बांधीवाल्याकडे कापणीआधी तोडून सावलीत वाळवलेल्या लोंब्या असतील तर त्यांचे शंभर दाणे हातानं सोला. पोत्यातले शंभर सोला. दोन्हींचं पांढरं पोट आणि तडे मोजा. पांढरं पोट बांधीतच ठरतं, सावलीत वाळवून ते जात नाही. तडा मात्र वाचतो.

बांधीवाला

आहेत. बियाण्यासाठी म्हणून आईनं पिवळ्या पडत्याच एक पेंडी तोडून आढ्याला टांगली होती. रात्री बसतो.

बांधीवाला

मोजले. पोरीला दहावीच्या सुट्ट्या आहेत, तिलाही बसवलं. नखं गेली दोघांची.

आढ्याच्या पेंडीतले शंभर दाणे: पांढरं पोट ३१, तडे ८.
पोत्यातले शंभर: पांढरं पोट ३३, तडे ३५.
मग शेजारच्या काकांच्या पोत्यातलेही आणले: पांढरं पोट १८, तडे २६.

काही दाण्यांत दोन्ही होतं, ते दोन्हीकडे धरलं. पोरगी म्हणते, शंभर दाण्यांवरून काही सिद्ध होत नाही. तिला सांगितलं, मग आणखी हजार सोल. ती उठून गेली.

राईसमिल_गोंदिया

बघा! ८ चे ३५. हे कापणीचं.

जुनाजाणता

बघा! १८ आणि ३१. हे पऱ्ह्याचं. काकांचे आणि याचे तडे बघा, तिथे मी तुमचं मान्य करतो. दोघांनीही उशीर केला, याने थोडा जास्त.

लिंबूटिंबू

दोघंही जिंकले, हरला तो तांदूळ. आता उपाय सांगा ना कोणी. पुढच्या डिसेंबरला काय करायचं?

जुनाजाणता

बांधीवाल्यापुरतं सांगतो, सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

पऱ्हे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडलेच पाहिजेत. कालव्याच्या पाण्याची वाट बघू नका. पऱ्ह्याला आठ-दहा गुंठेच लागतात, ते बोअरवर भिजतील, आणि अडीच एकराची चिखलणी पाणी आल्यावर. बियाणं कोरडं फेकू नका. चोवीस तास भिजवून, ओल्या पोत्यात गुंडाळून, तणसाच्या ढिगात दाबून मोड आणा. कोकणात रहू म्हणतात ती हीच तऱ्हा. थंडीत मोडाला दीड-दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाणी. लहानपणी धानाचा शेंडा, म्हणजे जिथून नवीन पान फुटतं ती जागा, जमिनीलगत पाण्याखाली असते. त्याला हवेची थंडी कमी आणि पाण्याची जास्त लागते. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं, हे तुम्हाला हात धुताना कळतंच. संध्याकाळी ते वाफ्यात भरा, पहाटे गार झालेलं काढून टाका, म्हणजे दिवसा उन्हानं माती तापेल. बरेच जण उलट करतात, सकाळी दहाला पाणी भरतात आणि रात्रभर वाफा उघडा. रात्री प्लास्टिक अंथरलं, कामट्यांवर, पानांना न टेकता, तर उत्तमच. ऊन आलं की काढा, नाहीतर उकडून निघतील.

युरियाचा हात आखडा. पिवळं फारच दिसलं तर आधी जस्त.

राईसमिल_गोंदिया

माझं एकच. ८०-८५ टक्के लोंबी पिवळी झाली की कापा, बाकीच्या हिरव्याची वाट बघू नका. कापून सावलीत किंवा सकाळ-संध्याकाळ वाळवा. मेच्या डांबरी रस्त्यावर दुपारी पसरू नका. तिथे एका दुपारीत तडा जातो, आणि मग आम्हाला नावं ठेवता.

वायंगणकार

आणि एवढं करूनही तुकडा झालाच तर आमच्याकडे या. उकडून देतो.

बांधीवाला

धागा वर काढतो, मंडळी. आज ११ डिसेंबर.

पऱ्हे २५ नोव्हेंबरला टाकले, मोड आणून. पाण्याचं तापमान मोजायचं म्हणून आधी घरातला तापाचा थर्मामीटर वाफ्यात घातला, तो ३५ च्या खाली काही दाखवायलाच तयार नाही. पोरीनं शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणला. आज सकाळी सहाला: उघड्या वाफ्यातलं पाणी १२, प्लास्टिकखालच्या वाफ्यातलं १६, बोअरच्या तोंडाशी २६. मुळं फुटायला १६ लागतात असं जुनाजाणता काकांनी लिहिलं होतं, म्हणून आकडा बघून बरं वाटलं. प्लास्टिकखालचे पऱ्हे हिरवे आहेत, उघडे अर्धे पिवळे. युरियाची गोणी कुलपात आहे, किल्ली आईकडे.

अडचण एकच. प्लास्टिक दोनच वाफ्यांना पुरलं. तिसऱ्यासाठी ताडपत्री आणली होती, ती काल म्हातारीनं बड्यांखाली, म्हणजे सांडग्यांखाली, अंथरायला नेली. म्हणते, धान मेमध्ये होईल, बड्या आत्ता वाळल्या पाहिजेत.

लिंबूटिंबू

आजींचं बरोबर आहे. बड्या कशाच्या, कोहळ्याच्या का?